बंदुकीच्या तोंडाशी मन्सूरभाई

मन्सूरभाईंबद्दल दिग्रसमध्ये तीन तक्रारी आहेत. ते काम वेळेवर देत नाहीत. काम चालू असताना कोणाचं ऐकत नाहीत. आणि काम झाल्यावर वस्तू हातात देण्याआधी तिच्याकडे इतका वेळ बघत बसतात, की गिऱ्हाइकाला वाटतं, ही आता यांनाच आवडली, आपल्याला काही मिळत नाही. तक्रार करणारे सगळे लोक त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच बाकावर बसून तक्रार करतात. मीही त्यातलाच. माझ्या मोटरपंपाचा शाफ्ट एकदा त्यांच्याकडे सव्वीस दिवस मुक्कामाला होता. परत आला तो गेली अकरा वर्षं बिनतक्रार फिरतोय, त्यामुळे मला धड रागावताही येत नाही.

कापसाची सरकी वेगळी करतात त्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान आहे आणि दुकानात एक लेथ आहे. लेथ त्यांच्यापेक्षा वयाने मोठं असावं, कारण ते त्याच्याशी बोलताना आवाज खाली ठेवतात. मन्सूरभाईंचे वडील पिंजारी होते, गावभरच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजत. पोरानं कापूस सोडून लोखंड धरलं, पण कापसानं पोराला सोडलं नाही. जिनिंगमधले रोलर, शाफ्ट, सुऱ्या, सगळं दुरुस्तीला त्यांच्याकडेच येतं. शिवाय त्यांच्या डाव्या कानाच्या वळणात कायम कापसाचा एक बोळा असतो. नव्या माणसाला वाटतं, अत्तराचा फाया. जवळ जाऊन वास घ्यावा तर मशीनच्या तेलाचा वास येतो.

तो बोळा परीक्षेसाठी असतो. काम झालं की मन्सूरभाई त्यातून चिमूटभर कापूस काढून लोखंडाच्या कडेवरून अलगद फिरवतात. एक तंतू जरी अडकला तरी वस्तू पुन्हा लेथवर चढते. जिनिंगच्या सुरीसाठी हे ठीकच आहे, कारण तिच्या कडेला कुसळासारखी बारीक कूस राहिली तर कापसाचा धागा तुटतो. पण मन्सूरभाई सगळ्यांना एकाच परीक्षेला बसवतात. एका लग्नघरच्या बुंदीच्या झाऱ्यालाही त्यांनी बसवलं होतं. लग्न वेळेवर लागलं. झारा पाचपरतावनाला पोचला.

या माणसाचे उपकार मानायला मी आज बसलोय. कारण गेल्या डिसेंबरात त्यांनी एका पोरीचा हात तिला परत दिला.

पोरीचं नाव प्रियंका मनवर. आई कौसल्याबाई अंगणवाडीत आहेत. प्रियंका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि तीन वर्षांपासून रायफल शूटिंग करते. म्हणजे हवेवर चालणारी रायफल, दहा मीटरवरचा कागद आणि डाळीएवढा छर्रा. तिला हे शिकवलं आमच्या सदाशिवरावांनी. सदाशिवराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या मणक्यापर्यंत अजून पोचलेली नाही. ते चहासुद्धा सावधानमध्ये पितात. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात त्यांनी चार पोरांसाठी रेंज उभी केली, आणि दोन रायफली अशा जपल्या की घरच्यांनी हेवा करावा. रोज संध्याकाळी सहा वाजता नळ्यांची सफाई. घरी लग्न असो की मयत, सहा वाजता हवालदार गोदामात.

प्रियंका आधी साठ छर्‍यांत सहाशेपैकी पाचशे अठ्ठ्याहत्तर मारायची. मग काय झालं कोण जाणे, वर्षभरात ती घसरत घसरत पाचशे एकोणपन्नासवर आली. अमरावतीची विभागीय निवड तोंडावर आलेली. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. आठ जागा, आणि एकोणपन्नासवाल्याला दारातसुद्धा कोणी उभं करत नाही.

उपाय करायला आम्ही कमी पडलो नाही. हवालदारांनी निदान केलं की पोरीचा हात कापतो, आणि तिचा चहा बंद केला. मग श्वास बदलला. मग उभं राहणं बदललं. कौसल्याबाईंनी मोबाइलवर संशय घेतला आणि तो रात्री डब्यात ठेवायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं की इतके चांगले डोळे त्यांनी त्या महिन्यात पाहिले नव्हते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्यावर जास्त जबाबदारी होती. मी गोदामात वारा येतो असा सिद्धांत मांडला आणि दोन रविवार घालवून सगळ्या फटी पुठ्ठ्यांनी बुजवल्या. गुण पाचशे त्रेचाळीसवर आले. हवालदार म्हणाले, मास्तर, आता तुम्ही विज्ञान थांबवा.

पोरगी मात्र शांत होत गेली. आधी हुज्जत घालायची, ती बंद झाली. अमरावतीच्या रविवाराआधी पाच दिवस तिनं मला सांगितलं, की एवढी एक स्पर्धा कबूल केली आहे म्हणून खेळणार आणि सोमवारी गोदामाची चावी सरांना परत देणार. तिचा हातच तसला आहे, त्याला सर तरी काय करतील. हे ती रडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.

त्याच दिवशी तिच्या रायफलच्या दस्त्याचा एक स्क्रू गेला. आटे झिजून तो नुसताच फिरायला लागला. स्क्रू म्हणजे मन्सूरभाई. मी स्कूटर काढली. मागे हवालदार ताठ बसले. आमच्या दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेली रायफल, आणि मागून सायकलवर प्रियंका. गावातून जाताना लोक असे बघत होते की कुठेतरी बँक लुटायला निघालेल्यांत मास्तर कसे काय सामील झाले.

मन्सूरभाईंनी चादर उघडली आणि दोन पावलं मागे सरले. त्यांनी आधी विचारलं, परवाना कुठं आहे. हवालदारांनी खिशातून नियमांचा लॅमिनेशन केलेला कागद काढला. ही हवेची बंदूक, हिला परवाना लागत नाही. मन्सूरभाईंनी तो कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि मग ओळखीच्या जमादाराला फोन करून खात्री केली. तेव्हा कुठे ते रायफलजवळ आले.

स्क्रू पाच मिनिटांत झाला, हा दिग्रसच्या इतिहासातला विक्रम असावा. पण त्यानंतर मन्सूरभाई रायफलकडे बघत बसले. तिसरी तक्रार सुरू झाली. हवालदार घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात मन्सूरभाईंनी कानातून कापूस काढला आणि सवयीनं, काही विचार न करता, नळीच्या तोंडावरून गोल फिरवला.

वर अडकला नाही. डावीकडे, उजवीकडे अडकला नाही. खालच्या बाजूला मात्र कापसाचे तीन तंतू नळीच्या कडेला धरून राहिले. मन्सूरभाईंनी फुंकर मारली. तंतू हलले, पण सुटले नाहीत.

"याचं तोंड कोणं खाल्लं?" त्यांनी विचारलं.

हवालदारांना ते आवडलं नाही. रायफलला कोणी हात लावत नाही, असं त्यांनी ठणकावलं. मन्सूरभाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी भिंग काढलं, एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि प्रियंकाला जवळ बोलावलं.

"बेटा, छर्रा सोडतानी तुले समजते का, हा गेला म्हणून?"

"समजते ना चाचा. हालला असला तं सोडतानीच समजते." मग ती थांबली. "पण आताशा मले वाटते दहाच लागला, अन् पाहतो तं आठ. कधी वर, कधी बाजूले. काही धरबंदच नाही त्याले."

"मंग थो तुहा हात नाही."

एवढंच म्हणून मन्सूरभाईंनी भिंग तिच्या हातात दिलं. तिनं बघितलं आणि मला दिलं. नळीच्या तोंडाची कड, जिथून छर्रा बाहेर पडतो ती शेवटची गोल कड, खालच्या बाजूला घासून गेली होती. नखानं खरवडावी एवढीशी खाच. त्या खाचेला बारीक कूस, आणि कुसेत आमच्या जिल्ह्याचा कापूस.

आता मला माझं विज्ञान आठवलं. उशिरा का होईना. हवा छर्‍याला नळीतून ढकलत आणते. छर्रा तोंडातून सुटतो त्याच क्षणी मागची हवा त्याच्या सगळ्या बाजूंनी फुटून बाहेर येते. कड चहूकडून सारखी असेल तर हवाही चहूकडून सारखी सुटते आणि छर्रा सरळ जातो. एका बाजूला खाच असेल तर हवा आधी तिथून निसटते आणि छर्‍याच्या शेपटीला जाता जाता धक्का देते. एसटीच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना मागच्यानं एका खांद्याला कोपर मारलं तर माणूस कसा भलतीकडेच जातो, तसं. आणि प्रत्येक छर्‍याची शेपटी थोडी वेगळी, म्हणून प्रत्येकाचं भलतीकडे वेगळं. नळी सगळी चांगली, फक्त शेवटचा केसभर भाग वाईट, आणि छर्रा सर्वांत शेवटी त्याचंच ऐकून बाहेर पडतो. मी हे सगळं मोठ्या उत्साहानं समजावलं. कोणी ऐकलं नाही. सगळे मन्सूरभाईंकडे बघत होते, कारण त्यांनी हवालदारांना विचारलं होतं की आत सफाई कशानं करता.

हवालदारांचा चेहरा उजळला. हा त्यांचा विषय. फौजेत नळीतून सुती दोरी ओढायची पद्धत होती, पण सुती दोरी दोनदा तुटली म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतः डोकं लढवून सुधारणा केली होती. त्यांनी शर्टाच्या खिशातून गुंडाळलेली तार काढली. स्कूटरच्या ब्रेकची पोलादी तार, टोकाला फलाटीनची चिंधी. मग करूनही दाखवलं. तार मागून आत घातली, तोंडातून बाहेर काढली, आणि टेबलावर रायफल दाबून धरून तार खालच्या बाजूला जोरात ओढली.

तार बरोब्बर त्या खाचेत बसली. गिरमिटाला आधीच भोक तयार असावं तशी.

हवालदारांनी ते बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. रोज संध्याकाळी सहा वाजता, लग्न असो की मयत. त्यांचा हात तसाच ताणलेला राहिला. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो, पण त्यांचे खांदे खाली आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

मला वाटलं, आता मन्सूरभाई बोलणार. लोखंडावर अत्याचार करणाऱ्याला ते सोडत नाहीत. एका मोठ्या बागायतदाराला त्यांनी पाना हातोड्यासारखा वापरल्याबद्दल दुकानातून बाहेर काढलेलं मी पाहिलं आहे. पण ते हवालदारांच्या हातातून तार काढून घेत सावकाश म्हणाले, की त्यांनी स्वतः तरुणपणी एका जिनिंगची नवी सुरी जास्त चांगली करायच्या नादात घासून घासून वाया घालवली होती, आणि मालकाला सांगायची हिंमत व्हायला आठ दिवस लागले होते. सुरीवर लई जीव होता, असं म्हणाले, आणि तार आपल्याच खणात टाकून खण बंद केला.

मग वाद सुरू झाला, कारण आम्ही होतो. कड नवी करायची हे ठरलं, पण तिचा आकार कोणता? हवालदार सावरले होते. त्यांचं म्हणणं, जुन्या फौजी रायफलींसारखी बाहेरून गोल करा. मी तोवर मोबाइल काढला होता. त्यात एकजण अकरा अंशाचा उतार हवाच, असं सांगत होता, आणि दुसरा त्याला शिव्या देत होता. प्रियंकानं कुठेतरी वाचलं होतं की तोंड जरा आत घेतात, म्हणजे कडेला मार लागत नाही.

मन्सूरभाईंनी तिघांचं ऐकून घेतलं. हे मी लिहून ठेवतो, कारण असं पुन्हा होणार नाही.

"गोल करा, चपटी करा, उतार द्या," ते म्हणाले, "थे सारं दिसायले. छर्‍याले एकच पायजे. सुटतानी चारी बाजूनं एकाच वक्ती सुटला पायजे. पोरगी म्हणते तसं आत घेऊ. कड झाकून राहीन. कोणी लाडानं काही घासलं तरी लागनार नाही."

शेवटचं वाक्य बोलताना ते हवालदारांकडे बघत नव्हते, लेथकडे बघत होते. हवालदारांनी मान डोलावली.

त्या दिवसांत जिनिंगचा हंगाम भरात होता. लेथवर एका जिनिंगच्या रोलरचा शाफ्ट चढलेला होता आणि तो न्यायला फिटर देवसिंग दारात उभा होता. मन्सूरभाईंनी त्याच्या देखत शाफ्ट उतरवला. देवसिंगनं त्याच्या बंजारा लोकांच्या गोरबोलीत दोन वाक्यं काढली, ती मला समजली नाहीत, पण कौतुकाची नव्हती. मग त्यानं विचारलं की काहून उतरवला. पोरीची रविवारी अमरावतीला निवड आहे, असं कळल्यावर त्यानं एकदा प्रियंकाकडे आणि एकदा शाफ्टकडे बघितलं. शेवटी मालकाला फोन लावून त्यानं सांगितलं की शाफ्टमध्ये तडा दिसून राह्यला, वेळ लागेल. आणि बॅटरी हातात घेऊन लेथपाशी उजेड धरून उभा राहिला. खोटं बोलल्याबद्दल मी त्याचाही ऋणी आहे.

नळी रायफलमधून काढली. पकडीचे दात लागू नयेत म्हणून तिच्याभोवती पितळेची पट्टी गुंडाळली. मग ती लेथच्या बरोब्बर मध्यावर बसवण्यातच दीड तास गेला. नळी बाहेरून गोल दिसते, पण आतलं भोक बाहेरच्या गोलाच्या मध्यावर असेलच असं नाही, आणि छर्रा भोकातून जातो. म्हणून मन्सूरभाई भोकाला मोजायचा काटा लावून बघत, हलकेच हातोडी मारत, पुन्हा बघत. हवालदार एकदा म्हणाले, झालं असेल. मन्सूरभाईंनी ऐकलं नाही. दुसरी तक्रार. मग लेथ सुरू झालं आणि नळीच्या तोंडावरून लोखंडाचा केसासारखा कीस निघायला लागला. थोडा कीस, थांबणं, भिंग. थोडा कीस, थांबणं, भिंग. शेवटी गोल डोक्याचा एक पितळी स्क्रू घेऊन, त्याला घासायची पेस्ट लावून, त्यांनी कडेची आतली धार हातानं इतकी हळू फिरवत मारली की देवसिंगसुद्धा श्वास रोखून उभा. नळीत मागून फडक्याचा बोळा घातलेला, भुगा आत जाऊ नये म्हणून. शेवटी तो काढून नळी पुसली.

मग कानातला कापूस. वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. पुन्हा एकदा गोल. कापूस जसा गेला तसा परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गोदामात. कौसल्याबाई अंगणवाडीत जायच्या आधी मुद्दाम आल्या होत्या. प्रियंकानं पाच छर्रे मारले. हवालदारांनी कागद ओढून आणला.

पाचही छर्रे साताच्या कड्यात. खाली डावीकडे.

कौसल्याबाईंचं तोंड उतरलं. आधी निदान मधून मधून नऊ-दहा तरी लागायचे, आता सगळेच सात. मीही हबकलो. इतकी मेहनत आणि प्रगती उलटी. मी मन्सूरभाईंच्या बाजूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर प्रियंका कागदाकडे बघत हसायला लागलेली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तेव्हा मी नीट बघितलं. पाच भोकं नव्हतीच. तुरीच्या दाण्याएवढं एकच भोक होतं, जरासं फाटलेलं. पाच छर्रे एकामागोमाग एकाच दारातून आत गेले होते. दार फक्त चुकीच्या जागी होतं, आणि ते सरकवायला रायफलवर दोन स्क्रू असतात. तिनं ते चार-सहा टिचक्या फिरवले. पुढचे पाच मधोमध.

हवालदार कागद हातात धरून उभे होते. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला, टाचा जुळवल्या आणि प्रियंकासमोर सरळ उभे राहिले.

"वर्षभर मी तुह्या हाताले बोललो," ते म्हणाले. "हात बराबर होता. मी बिघडवलं. मले माफ कर."

प्रियंकानं रायफल टेबलावर ठेवली. ज्यांना ती तीन वर्षं सर म्हणत आली, ते तिच्यासमोर सावधानमध्ये. शेवटी ती पुटपुटली, "सर, चहा सुरू करू का मंग?"

"कर," हवालदार म्हणाले. "दोन कप पी."

रविवारी अमरावतीत तिनं पाचशे त्र्याऐंशी मारले आणि आठ जणांत सहावी आली. राज्य पातळीवर जाणार. गोदामाची चावी तिच्याच गळ्यात आहे.

सोमवारी आम्ही शाल, नारळ आणि पेढे घेऊन मन्सूरभाईंच्या दुकानात गेलो. कौसल्याबाईंनी शाल स्वतः निवडली होती. मन्सूरभाई देवसिंगचा शाफ्ट करत होते आणि लेथ चालू असताना त्यांनी शालीला दुकानात पाय ठेवू दिला नाही. लोंबतं कापड लेथमध्ये गेलं तर माणसासकट जातं. त्यांनी हवालदारांनाही गळ्यातला मफलर बाहेर काढून ठेवायला लावला. सत्कार करणारे आम्ही चौघं दाराबाहेर, उन्हात, ओळीनं. हवालदारांनी दोन्ही हातांवर शाल धरलेली. पहिली तक्रार, दुसरी तक्रार.

प्रियंकानं दारातूनच ओरडून निकाल सांगितला. मन्सूरभाईंनी मान वर न करता विचारलं, किती चुकले.

"एक आठ गेला चाचा. एक्केचाळिसावा. थो माहाच होता, सोडतानीच समजला."

मन्सूरभाईंनी मान हलवली आणि शाफ्टवर भिंग धरलं.

पाऊण तास झाला. पेढ्यांतला एक, शाफ्ट न्यायला आलेल्या देवसिंगनं खाल्ला, मग मी एक खाल्ला. कौसल्याबाईंना अंगणवाडीत पोषण आहाराची वेळ झाली होती, तरी त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांनी माह्या पोरीसाठी जिनिंग थांबवलं, मी त्यांच्यासाठी खिचडी थांबवतो. आणि अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना फोन करून सांगितलं की आज पंधरा मिनिटं उशीर होईल, लेकरांना गाणं म्हणायला लावा.

लेथ बंद झालं. मन्सूरभाईंनी हात पुसले, बाहेर आले, आणि शालीखाली मान वाकवून उभे राहिले.